निर्वासितांच्या छावणीत सर्जरी न येणाऱ्या डॉक्टरचं काम काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एमबीबीएस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली बाँडची सेवा संपत आली आहे. डॉ. कोटणीसांची गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हापासून युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या लोकांसाठी काम करायची इच्छा आहे. पण मला सर्जरी येत नाही. मग माझा तिथे उपयोग काय? आणि आई फार घाबरते, तिला काय सांगू?"

'सर्जरी येत नाही' ही धास्ती घेऊनच मीही पहिल्यांदा गेले होते. मी बालरोगतज्ज्ञ आहे. काही वर्षं नंदुरबार जिल्ह्यात होते, त्यानंतर बांगलादेशात कॉक्स बझारला, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत दोनदा आणि दक्षिण सुदानमध्ये एकदा काम केलं. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, आघाडीजवळ शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. लढाईच्या जवळ सर्जन लागतोच, त्याला पर्याय नाही. पण लढाईपासून जीव वाचवून जी माणसं सीमेपार पोचतात, त्यांच्या मुलांना पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत मारणारे आजार तुमच्या ओळखीचे आहेत. जुलाब, गोवर, न्यूमोनिया, मलेरिया, आणि या सगळ्यांच्या बुडाशी कुपोषण. तुमच्या ओपीडीत हे सगळं रोज येतं. फरक एवढाच की छावणीत ते दोन लाख माणसांना एकाच महिन्यात गाठतं.

म्हणून तिथे गेल्यावर पहिली सवय बदलावी लागते ती समोरच्या रांगेकडे बघण्याची. रांग कधीच संपत नाही. दिवसाला शंभर पेशंट तपासले की आपण खूप काम केलं असं वाटतं, आणि त्याच वेळी टेकडीपलीकडच्या वस्तीत काय चाललंय याचा आपल्याला पत्ता नसतो. छावणीत तुमचा पेशंट म्हणजे अख्खी वस्ती. तिची नाडी बघायची रीत ठरलेली आहे: दर दहा हजार माणसांमागे दिवसाला किती मृत्यू. हा आकडा एकच्या वर गेला की आणीबाणी, पाच वर्षांखालच्या मुलांत दोनच्या वर गेला की आणीबाणी. समजा वीस हजारांची वस्ती आहे आणि आठवड्यात २१ माणसं गेली. २१ ला २०,००० ने भागा, ७ ने भागा, १०,००० ने गुणा. उत्तर दीड. भारतात वर्षाला हजारी साधारण ६ ते ७ मृत्यू होतात, तेच या मापात ०.१६ ते ०.१९ येतं. म्हणजे 'आठवड्यात एकवीस' हे ऐकायला फार वाटत नसलं तरी त्या वस्तीत आपल्याकडच्यापेक्षा आठपट माणसं मरताहेत.

हे मृत्यू दवाखान्याच्या रजिस्टरात सापडत नाहीत. बहुतेक मुलं झोपडीतच जातात. त्यामुळे दफनभूमीवर दिवसभर एक माणूस बसवायचा, घरोघरी फिरणाऱ्या स्वयंसेवकांकडून दर आठवड्याला नोंद घ्यायची, आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. एका छावणीत आमचा मृत्यूदर एकाएकी निम्म्यावर आला. आम्ही आनंदात होतो. पुढे एका दाईने सांगितलं की शिधापत्रिकांची फेरतपासणी होणार अशी बातमी पसरली होती, आणि घरातलं एक माणूस कमी झालं की शिधा कमी होईल म्हणून लोक रात्री गुपचूप दफन करत होते. त्यानंतर आम्ही मृत्यूची नोंद करणारी माणसं आणि शिधा वाटणारी माणसं कायमची वेगळी केली, आणि तसं वस्तीत जाऊन सांगितलं. आकडा पुन्हा वर गेला, पण तो खरा होता.

मोजायची दुसरी गोष्ट पाणी. माणशी दिवसाला किमान १५ लिटर, २५० माणसांमागे एक नळ, २० माणसांमागे एक संडास ही जगभर मानली जाणारी किमान पातळी आहे. सुरुवातीच्या दिवसांत ती कुठेच गाठली जात नाही. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. कुटुपालोंग आणि बालुखालीच्या टेकड्यांवरची झाडी तोडून लोकांनी बांबू आणि ताडपत्रीची घरं उभी केली. संडास आणि उथळ हातपंप एकमेकांना चिकटून खोदले गेले आणि संडास काही आठवड्यांतच भरले. माझ्याकडे तरुण बायका लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन एकामागून एक यायच्या. गोळ्या देऊन आठवड्याने त्याच परत. शेवटी आमच्या दुभाषी मुलीनेच उलगडा केला. संडासाला कडी नाही, वाटेवर दिवा नाही, त्यामुळे त्या दिवसभर पाणी पीतच नव्हत्या आणि अंधार पडेपर्यंत थांबत होत्या. पाणीपुरवठा बघणाऱ्या इंजिनिअरकडे मी त्या दिवशी कड्या आणि सौरदिवे मागायला गेले. अशी मागणी करणं हेही डॉक्टरचंच काम आहे, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

जुलाबाच्या साथींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयातलं सगळ्यात मोठं ज्ञान आपल्या शेजारीच जन्मलं आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या बनगावात कॉलरा पसरला. तिथल्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा पेशंट जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत चाललं होतं. मीठसाखरेचं पाणी तोंडाने देऊन कॉलरा आवरतो हे तोवर संशोधनाच्या वॉर्डांत, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली दिसलं होतं. महालनबीसांनी ते नातेवाइकांच्या हाती द्यायचं ठरवलं. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा. पाकिटं कोलकात्यात भरली जायची, बनगावात ते पाणी तोटीच्या पिंपांत कालवायचं, आणि आई, भाऊ, शेजारी जो कुणी असेल त्याने पेशंटला वाटी वाटी पाजायचं. आधी तीस टक्क्यांच्या आसपास पेशंट दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो तिचा खरा कस असा चिखलात लागला. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं ते त्यांच्या मृत्यूनंतर.

आता १९९४ बघा. जुलैमध्ये रवांडातून पाच ते आठ लाख माणसं काही दिवसांत झाईरमधल्या (आजच्या काँगोमधल्या) गोमा शहराभोवती येऊन थांबली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, त्यामुळे ना संडास खोदता येत ना कबरी. पाणी कीवू सरोवराचं. आधी कॉलरा आला, मागोमाग रक्ती आव. पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसं मेली, त्यातले बहुतांश मृत्यू जुलाबाच्या आजारांचे. बनगावनंतर तेवीस वर्षांनी, उपाय माहीत असताना! ढाक्याच्या कॉलरा रुग्णालयातलं पथक तिथे गेलं तेव्हा त्यांना कारणं स्पष्ट दिसली. पाणी भरून काढण्याचा वेग कमी होता, तोंडाने द्यायचं पाणी पुरेसं दिलं जात नव्हतं, शिरेतून चुकीची द्रावणं जात होती, आणि तीव्र कॉलरा कधी पाहिलेलाच नाही असे हात उपचार करत होते.

शेवटचा मुद्दा मी स्वतः अनुभवला आहे. पन्नास किलोचा माणूस पूर्ण कोरडा पडलेला असतो तेव्हा त्याला तीन तासांत पाच लिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचं क्षारांचं द्रावण, द्यायचं असतं, त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. आपल्याकडे एक बाटली लावून पुढच्या पेशंटकडे जायची सवय असते. त्या सवयीने माणूस हातचा जातो. दोन्ही हातांना जाड सुया लावून बाटल्या दाबून पाणी आत ढकलावं लागतं. नाडी परत लागते, माणूस डोळे उघडतो, आणि तेव्हाच त्याच्या हातात जलसंजीवनीचा पेला द्यायचा. खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली, म्हणजे किती गेलं ते मोजता येतं आणि तेवढं भरता येतं. हे नीट केलं तर शंभरात एखादाही दगावत नाही. जमलं तर ढाक्याच्या त्या रुग्णालयात काही आठवडे काढा. तिथे साथीच्या हंगामात जे दिसतं ते कोणत्याही पुस्तकात दिसणार नाही.

गोवराचं थोडक्यात सांगते. गर्दीच्या छावणीत तंबूबरोबर गोवराची लस पोचली पाहिजे, सहा महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना, सोबत जीवनसत्त्व 'अ'. पहिला रुग्ण सापडायची वाट बघायची नसते.

घटसर्पाची (डिप्थीरियाची) मात्र कुणालाच अपेक्षा नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये रोहिंग्या छावण्यांत पहिले रुग्ण दिसले, वर्ष संपेपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा तीन हजारांच्या पुढे गेला होता. राखाइनमध्ये बहुतेक मुलांना नेहमीच्या लसी कधी मिळाल्याच नव्हत्या. मी बालरोगतज्ज्ञ असूनही तोवर घटसर्पाची एकच केस पाहिली होती. इथे एका रात्रीत अकरा. मान सुजून बैलासारखी झालेली, घशात राखाडी पडदा, आणि श्वासाचा तो आवाज. यावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होतं, जगात त्याचा साठा अगदी थोडा, आणि आमच्याकडे त्याहून थोडा. शरीरात पेशींना चिकटलेल्या विषावर ते चालत नाही, मोकळ्या विषावरच चालतं, म्हणून जितक्या लवकर द्याल तितका उपयोग. कुणाला द्यायचं आणि कुणाला फक्त अँटिबायोटिकवर ठेवायचं हे दर संध्याकाळी कुप्या मोजून ठरवायला लागायचं. ते ठरवताना मी एकटी कधीच नव्हते. आम्ही तिघं बसायचो, कारणं वहीत लिहायचो आणि सही करायचो. असा निर्णय एकट्याने घेऊ नका. ती वही नसती तर त्या मुलांचे चेहरे घेऊन मला परत येता आलं नसतं.

तुमच्या ग्रामीण अनुभवाचं मोल मला इथेच कळलं. हाफकिनमध्ये सर्पदंशावरचं औषधही घोड्यापासूनच बनतं, आणि ते देताना अंगावर पुरळ येतं, दम लागतो, रक्तदाब कोसळतो, हे महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉक्टरला माहीत असतं. घटसर्पाच्या प्रतिविषालाही तशीच ॲलर्जी येते. मोठमोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतून आलेले माझे सहकारी पहिली कुपी लावताना बिचकत होते. मी ॲड्रेनालिन भरून उशाशी ठेवलं आणि सुरू केलं, कारण नंदुरबारमध्ये हे पन्नास वेळा केलं होतं.

घशातला पडदा गेला, मूल खायला लागलं, की आई घरी न्यायला बघते. तिला थांबवावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात विष हृदयावर जातं, आणि उठून बसलेलं, हसणारं मूल अचानक जातं. सहा वर्षांचा एक मुलगा असाच गेला. त्याच्या वडिलांना मी धोका समजावून सांगितला होता, असं मला वाटत होतं. दुभाष्याने तो 'आराम करू द्या' एवढाच पोचवला होता. तेव्हापासून माझा नियम आहे: सांगून झालं की समोरच्याला विचारायचं, "मी काय म्हटलं ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा."

दवाखान्यातलं हे काम साथीचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा टेकडीवर झाला. प्रत्येक रुग्णाच्या झोपडीत जाऊन सोबत राहणाऱ्यांना अँटिबायोटिक आणि लस द्यायची. पत्ता म्हणजे कुठल्या टेकडीवर, कुठल्या मशिदीच्या मागे, कुठल्या 'माझी'च्या हाताखाली. माझी म्हणजे त्या भागाचा नेमलेला मुखिया. हे काम रोहिंग्या स्वयंसेवकांनी आणि बांगलादेशी नर्सनी केलं. आम्ही परदेशी डॉक्टर तीन महिन्यांनी बदलत होतो, ती माणसं बदलत नव्हती. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून बालमृत्यू किती खाली आणता येतात हे १९९९ मध्येच जगासमोर मांडलं होतं. छावणीतही तेच चालतं. तुमच्या मुक्कामातला निदान तिसरा हिस्सा शिकवण्यात गेला पाहिजे, आणि तिथल्या नर्सला तुमच्यापेक्षा जास्त कळतं हे पहिल्याच दिवशी गृहीत धरा.

भाषेचं आणखी एक. रोहिंग्या बोली चाटगावच्या बोलीच्या जवळची आहे, पण एकच नव्हे. 'गा लामानी' हे शब्द आमच्या ढाक्याच्या सहकाऱ्यांना 'अंग गळून जाणं' असे ऐकू यायचे आणि ते अशक्तपणा लिहायचे. त्या बायका जुलाबाबद्दल सांगत होत्या. कामचलाऊ हिंदी काहींना समजते, तिचा आधार वाटतो, पण तेवढ्यावर केस पेपर लिहू नका.

बायकांबद्दल मला हळू आवाजात बोलावंसं वाटतं, पण हे स्पष्टच लिहायला हवं. पळून आलेल्यांत बलात्कार झालेल्या मुली आणि बायका असतात, त्या पोटदुखी किंवा झोप न लागणं सांगत येतात. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, गर्भ राहू नये म्हणूनच्या १२० तासांच्या आत, आणि बहुतेक जणी त्यानंतर पोचतात. तरी उपचार, लसी आणि समोर निवांत बसणारी एक बाई एवढं देता येतं. काय झालं ते खोदून विचारू नका. उपचारासाठी जेवढं लागतं तेवढंच. पुरावा गोळा करणारे वेगळे, बातमीदार वेगळे, तुम्ही डॉक्टर आहात. पेशंटचा फोटो कुणालाही काढू देऊ नका, तुमच्याच संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला सुद्धा. उपचारासाठी आलेल्या माणसाची 'हो' ही मोकळेपणाने दिलेली परवानगी नसते.

क्षयाची अर्धवट सुटलेली औषधं, इन्सुलिन, रक्तदाब, मिरगी हे सगळं तिथेही असतं. पहिल्या महिन्यात विसरलं जातं, तिसऱ्या महिन्यात त्याचेच मृत्यू दिसू लागतात. एवढं लक्षात असू द्या.

आता तयारी. बहुतेक संस्था पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि ते योग्य आहे. ती दोन वर्षं मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली अशा ठिकाणी काढा. दंडघेराची पट्टी लावून ११५ मिलिमीटरच्या खालची मुलं शोधणं, तीव्र कुपोषित मुलाला हळूहळू खायला घालणं, लसीची शीतसाखळी दोन ते आठ अंशांत राखणं, औषधांचा साठा महिनाभर आधी मागवणं, अडलेलं बाळंतपण ओळखून वेळेत पुढे पाठवणं, हे हाताला बसू द्या. अरबी किंवा फ्रेंच यातली एक भाषा शिका. सार्वजनिक आरोग्याची पदवी नंतर घेता येईल.

आईबद्दल. तिला 'काही होत नाही' असं सांगू नका, ते खरं नाही. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदुझला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानातून हल्ला झाला, ४२ माणसं मेली. पेशंट होते, नर्स होत्या, डॉक्टर होते. पुढच्या वर्षी सुरक्षा परिषदेने रुग्णालयांच्या संरक्षणाचा ठराव केला, आणि तरीही रुग्णालयांवरचे हल्ले थांबलेले नाहीत. पण प्रत्येक जागेचा धोका सारखा नसतो. कॉक्स बझारमध्ये मला भीती वाटली ती पावसात दरड कोसळण्याची. पहिल्यांदा जाताना निर्वासितांच्या छावणीत जा, आघाडीजवळ नको. जायच्या आधी संस्थेला विचारा: बाहेर काढायची वेळ आली तर वाट कोणती, निर्णय कोण घेणार, मी 'जात नाही' म्हटलं तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळालं तर ती संस्था सोडा.

आणि आईला रोज फोन करायचं वचन देऊ नका. नेटवर्क जातं, मग ती रात्रभर जागी राहते. मी माझ्या आईला सांगितलं होतं की दर रविवारी फोन येईल, एखादा रविवार चुकला तर नेटवर्क नाही असं समजायचं, आणि खरंच काही झालं तर कार्यालयातली अमुक बाई तुला मराठीतून फोन करेल. त्या बाईंना मी निघण्याआधी घरी जेवायला नेलं होतं. तिन्ही वेळा आई मला सोडायला दादरपर्यंत आली.